कोणीतरी झोपलं असेल

नलू सापडली ती घराच्या मागेच, परसदारापासून मोजून तीस पावलांवर. पाण्याच्या पाइपासाठी कुठल्याशा ठेकेदाराच्या माणसांनी उन्हाळ्यात खणून तसाच टाकलेला खड्डा होता, पुरुषभर खोल, आणि त्याच्या तळाशी ती फ्रॉकचा घेर गुडघ्यांखाली नीट दाबून बसली होती. साडेबाराला घरातून गेलेली पोर पाच वाजता सापडली. सत्यभामेने तिला वर ओढून घेतलं, अंगावरची माती झटकली, हातपाय चाचपून पाहिले. एक गुडघा सोलवटला होता, बाकी काही नव्हतं. मग तिने विचारलं, आणि विचारतानाही तिचा आवाज रोजच्याइतकाच होता, "हाक कावून नाई मारली वं?" सहा वर्षांच्या त्या पोरीने आईकडे असं पाहिलं, की हे काय विचारायचं झालं. म्हणाली, "दुपार होती ना माय. नाईटवाले झोपले असतीन."

तोवर निम्मी सडक खड्ड्याभोवती गोळा झाली होती. दोन वाजल्यापासून सगळ्या बायका नलूला शोधत होत्या, मोरीखाली, शाळेच्या पटांगणात, टाकीमागच्या गवतात. आता त्यांच्या जिवात जीव आला. शेवटच्या क्वार्टरमधल्या चारुलताबाई पुढे झाल्या. त्या दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, त्यांचे यजमान हरिभाऊ कारखान्याच्या ऑफिसात होते आणि सडकेच्या समितीचे सेक्रेटरीही होते. चारुलताबाईंनी नलूची हनुवटी उचलली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, किती समजूतदार आहे हो तुमची मुलगी, आमची असती तर सडक डोक्यावर घेतली असती. बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. सत्यभामेला खरंच अभिमान वाटला, तो तिने लपवलाही नाही. घरी नेऊन तिने पोरीच्या अंगावर गरम पाणी घातलं, गुळाचा खडा हातावर ठेवला, केस विंचरायला घेतले. केसांतून लाल माती निघत होती. फणीने ती माती ओढता ओढता सत्यभामेचा हात मध्येच थांबला. साडेचार तास, तिच्या मनात आलं. पाय मोडला असता तरी हिने साडेचार तास असंच काढलं असतं का? मग फणी पुन्हा चालू लागली, कारण नलू मान वळवून बघायला लागली होती.

सत्यभामा आमगावकडची. आमगाव स्टेशनापासून चार कोसांवर तिचं माहेर, सगळा धानाचा मुलूख. धानाला लोंबी धरली की पोपटांचे थवे उतरायचे, आणि ते हाकलायला तिला शेताच्या धुऱ्यावर, उंच बांधावर, बसवलेलं असायचं, कारण घरात सगळ्यात मोठा गळा तिचा. तिची हाक तीन शेतं ओलांडून जायची. पलीकडच्या पांदीच्या वाटेवरचा माणूस बैल थांबवून मागे बघायचा. तिची माय भीमाबाई अभिमानाने सांगायची की भामीच्या नरड्यात देवाने भोंगा घातला आहे. लग्न ठरलं तेव्हा फकिराच्या मावशीने एवढीच शंका काढली होती, पोरगी जरा मोठ्याने बोलते. त्यावर भीमाबाई म्हणाली होती, शेतात काम करायचं असतं बाई, कानात नाही. ते सगळे हसले होते. फकिराला तर ती तिच्या आवाजावरूनच आवडली होती असं तो पहिल्या वर्षी सांगायचा. पुढे कधीतरी त्याने सांगायचं सोडलं, आणि ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

ती भिलाईत आली तेव्हा पहिली भट्टी अजून पेटायची होती. सगळीकडे लाल मातीचे ढीग, ट्रक, लोखंडाचे सांगाडे, रशियन साहेबांच्या बायका बाजारात बोटांवर भाव करायच्या. क्वार्टरचं प्लास्टर ओलं होतं. दोन खोल्या, अंगणात नळ, भिंतीवर दिव्याचं बटण. ते बटण ती पहिले आठ दिवस उगाच दाबून बघायची. चोवीस क्वार्टरांच्या त्या सडकेवर भंडाऱ्याची, बालाघाटची, दुर्गची, कुठकुठची माणसं येऊन पडली होती आणि सगळी आपापल्या गावच्या आवाजात बोलत होती. सकाळी जात्याची घरघर, दुपारी मिरच्या कुटणं, संध्याकाळी भजनाचे टाळ. सत्यभामा अंगणातून हाक मारायची आणि सडकेच्या टोकाला भाजी घेणारी बेबीताई तिथूनच ओ द्यायची. मग भट्टी पेटली, कोक ओव्हनमध्ये फकिराचं काम सुरू झालं आणि घराघरात पाळ्या आल्या. ए शिफ्ट, बी शिफ्ट, नाईट. पहाटे सहाला माणूस कामावरून येतो आणि दिवसाउजेडी झोपतो हे तिने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिला तो आजारी वाटला होता. डोळे लाल, अंगाला धुराचा वास, आणि उन्हाच्या पट्ट्यात तोंड उघडं टाकून पडलेला. ती दाराशी बसून पदराने माशा वारायची. त्या दिवसांत कुणी अंगणात बादली आपटली तर तिला तो आपल्या अंगावर घातलेला घाव वाटायचा.

मग बाबुलालचं झालं. बाबुलाल शेजारचा, भंडाऱ्याकडचाच, तीन रात्री लागोपाठ नाईट करून झोपायला धडपडत होता, आणि त्याच्या खिडकीखाली चारपाच बायका मिळून तिखट कुटत होत्या. सत्यभामाही त्यांत होती. त्या रात्री कामाला निघालेल्या बाबुलालला सायकलवरच डुलकी लागली, तो नालीत पडला आणि त्याचा हात कोपरातून मोडला. बायकांना लाज वाटली. ती लाज खरी होती, कुणी शिकवलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी नळावर त्यांनी आपसांतच ठरवलं की दुपारी बारापर्यंत कुटणं नाही, दळणं नाही. आणि ज्या घरचा माणूस नाईटला असेल त्या घराच्या कडीला लाल चिंधी बांधायची, म्हणजे येणाजाणाऱ्याला कळेल, ही युक्ती सत्यभामेचीच. तिने आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून घरोघर वाटल्या. हरिभाऊ तेव्हा नवीनच आले होते. मुद्दाम घरी येऊन म्हणाले होते की वहिनी, हे मोठ्या शहरांतही कुणाला सुचलेलं नाही.

हरिभाऊ भला माणूस. नलूला डांग्या खोकला झाला तेव्हा स्वतःच्या सायकलवर बसवून दवाखान्यात नेणारा, कुणाचा अर्ज-कागद असेल तर रात्र मोडून लिहून देणारा. त्यांना कुणाचं वाईट व्हावं असं कधी वाटलं नसेल. चिंधी दर आठवड्याला बांधायची आणि सोडायची, त्यात चुका व्हायला लागल्या. तेव्हा त्यांनी सुचवलं की राहू द्या सगळ्यांच्या दारांवर कायम, काय बिघडतं? काही बिघडत नव्हतं. पुढे भाजीवालीने ओरडू नये असं ठरलं. ती गावकुसाकडून येणारी म्हातारी मरारीण, टोपली डोक्यावर घेऊन दारासमोर नुसती उभी राहायला शिकली, आणि बायका खिडकीतून बघून बाहेर येऊ लागल्या. तेही बरंच होतं, भाव करताना भांडण होईना. मग मुलांचा खेळ टाकीपलीकडे गेला. मग गुरुवारचं भजन टाळांशिवाय होऊ लागलं, पुढे पेटीशिवाय, आणि एका पावसाळ्यात कुणी न सांगताच सगळे पुस्तक उघडून मनातल्या मनात वाचू लागले. रडणारं तान्हं असेल तर आईने त्याला घेऊन मैदानाकडे जावं, असं समितीच्या वहीत लिहिलं गेलं तेव्हा नलू तीन वर्षांची होती. सत्यभामेला वाटलं होतं, हे जरा आधी ठरलं असतं तर आपण कमी ओशाळलो असतो. आसपासच्या सडकांवरून लोक बघायला यायचे. इथे आलं की देवळात आल्यासारखं वाटतं, म्हणायचे. आणि ते खरं होतं. उन्हाळ्यातल्या दुपारी ती दाराच्या उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची तेव्हा चोवीस घरांवरून नुसता वारा जायचा, दूरवर कारखान्याचा घुमारा, आणि तिला वाटायचं की सुख सुख म्हणतात ते हेच. गावातला गोंगाट आठवला की तिला दमल्यासारखं व्हायचं.

बेबीताईची सासू वारली तेव्हाचं तिला विशेष आठवत होतं. म्हातारी सकाळी आठला गेली, ऐन झोपेच्या वेळी. बेबीताईने आधी खिडक्या लावून घेतल्या, मग ती रडली. जमलेल्या बायकांनी पदराचे बोळे तोंडात धरले. म्हातारीची लेक बालाघाटहून दुपारी आली, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, तिने दारातच हंबरडा फोडला. तर चारजणींनी धरून, पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेने तिला आतल्या खोलीत नेलं. लेकीला वाटलं की आपल्या रडण्यात काही चुकलं. ती सगळ्यांची माफी मागत राहिली. संध्याकाळी हरिभाऊंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले, इतका संयमी शोक मी कुठे पाहिला नाही. तेव्हा सत्यभामेला ते बोलणं फार मोठं वाटलं होतं.

नलू सापडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, नळावर कळशी भरताना, तिच्या मनात एक क्षुल्लक गोष्ट आली. काल दुपारी झोपलं कोण होतं? तिने उगाच घरं मोजायला घेतली. बाबुलाल ए शिफ्टला होता, दोनपर्यंत कामावरच. फकिराची बी शिफ्ट, तो दीडला जेवून निघून गेला होता. बेबीताईचा नवरा जनरल शिफ्टला, दिवसभर कामावर. हरिभाऊ ऑफिसात. नवीन आलेलं तेलगू जोडपं गावी. नाईटवर होता तो फक्त कोपऱ्यावरचा सरदारजी, आणि तो सासुरवाडीच्या लग्नासाठी तीन दिवसांपासून कटकला गेलेला. कळशी भरून वाहायला लागली तरी तिचं मोजणं चालू होतं. तिने दुसऱ्यांदा मोजलं, या वेळी उजवीकडून. चोवीस घरांत काल दुपारी एकही माणूस झोपलेला नव्हता. फकिरा परसात दाढी करत होता. तिने त्याला जाऊन सांगितलं. त्याने आरशातून तिच्याकडे बघितलं, गालावरचा फेस पुसला आणि म्हणाला, "असन कोनीतरी. एवढी मोठी सडक, कोनीतरी झोपलंच असन." त्याच्या बोलण्यात इतका सहजपणा होता की तिला आपलंच मोजणं खोटं वाटायला लागलं. तिने विषय सोडून दिला. स्वयंपाकाला उशीर होत होता.

पण चारपाच दिवसांनी नलूच बोलली. सत्यभामा परसात भांडी घासत होती, खाली गोणपाट अंथरून, राखेने, सावकाश. नलू शेजारी बसून पेल्यांना हात लावत होती आणि बोलता बोलता म्हणाली की खड्ड्यातून तिला वरून जाणाऱ्या आपल्या मायच्या लुगड्याचा काठ दिसला होता.

"कवा?"

"मी आत होती तवा. तू दोन खेपा आली. मंग चारुलताकाकू बी येऊन गेली."

सत्यभामेचा हात राखेत तसाच राहिला. "मंग तवा तरी ओ द्यायची ना वं पोरी."

"तू हाक मारली नाई," नलू म्हणाली. "ओ कायले देऊ?"

ती पुढे पेल्यांशी खेळत राहिली. सत्यभामा मात्र मनाने पुन्हा त्या दुपारी जाऊन उभी राहिली. वीसपंचवीस बायका उन्हातून हिंडत होत्या, काहींनी चपला हातात घेतल्या होत्या, एकमेकींना खुणेने विचारत होत्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं. तिचं काळीज तर तोंडात आलं होतं. टाकीजवळच्या विहिरीतही तिने वाकून बघितलं होतं. आणि त्या तीन तासांत, त्या पंचवीस बायकांपैकी एकीनेही नलूचं नाव घेतलं नव्हतं. मोठ्याने नाहीच, हळूही नाही. तिने स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून बघितलं. हाक मारावीशी वाटली आणि आपण ती आवरली, असं झालं होतं का? तसं झालं असतं तर तिला बरं वाटलं असतं. पण तसं काही आठवेना. ज्या मुलखात पोर दोन घटका दिसली नाही तर माय आधी धुऱ्यावर चढून नाव घेते, तिथली ती, आणि तिच्या मनात हाक आलीच नव्हती. दात पडून गेल्यावर जीभ काही दिवस ती जागा शोधत राहते, तशी ती आतून चाचपडत राहिली. जागा गुळगुळीत होती. तिथे कधी काही असेल असं वाटू नये इतकी.

रविवारी समितीची बैठक झाली, हरिभाऊंच्या अंगणात. नलूला पुढे बोलावून रंगीत पेन्सिलींची पेटी दिली. टाळ्या वाजवायची पद्धत मागेच गेली होती, सगळ्यांनी प्रसन्नपणे माना डोलावल्या. हरिभाऊ म्हणाले की अशी मुलं म्हणजे आपल्या सडकेची पुण्याई. मग असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून त्यांनी मांडलं की मुलांनी बारा ते पाच क्वार्टरांच्या मागे जाऊच नये, आणि कुणाचं काही म्हणणं आहे का असं विचारलं. ते नेहमी विचारायचे. सत्यभामा उभी राहिली. तिचं उभं राहणं सगळ्यांना नवीन होतं, फकिराने मागून तिच्याकडे बघितलं. तिला म्हणायचं होतं की माझी पोर तीस पावलांवर होती आणि मी तिला हाक मारली नाही. तुम्हीही मारली नाही. हे कसं झालं, एवढंच तिला त्या सगळ्यांना विचारायचं होतं, रागाने नाही, घरच्या माणसांना विचारावं तसं. ती सगळी चेहरे वर करून तिच्याकडे बघत होती, जिच्या बाळंतपणात तिने रात्री जागवल्या ती बेबीताई, मोडका हात मांडीवर ठेवून बसलेला बाबुलाल. त्यांच्या डोळ्यांत तिच्याबद्दल माया होती. आणि तोंड उघडल्यावर तिच्या तोंडून आलं, "खड्ड्यावर झाकन बसवलं तर बरं होईन."

हरिभाऊंनी ताबडतोब लिहून घेतलं. पुढच्याच आठवड्यात खड्ड्यावर लोखंडी झाकण आलं, मजबूत, चार बोटं जाड. लोक म्हणाले, सत्यभामाबाईंमुळे झालं. बारा ते पाचच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले, तिनेही केला. घरी येताना तिला हलकं वाटत होतं. आपण बोललो, तिला वाटलं, आणि त्याचा उपयोग झाला.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, त्यासाठी ती नलूला घेऊन माहेरी गेली. तीन वर्षांनी. भाऊ माणिक बैलगाडी घेऊन स्टेशनावर आला होता. घरी पोचली तेव्हा भीमाबाई ओसरीवर बसली होती. मधल्या काळात तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू चढला होता, तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं, आणि माणसं ती आवाजावरून ओळखायची. सत्यभामा जवळ जाऊन म्हणाली, माय, मी आली. भीमाबाईने मान तिरपी करून ऐकलं आणि विचारलं, कोन बाई तुमी? सत्यभामेने वाकून तिचा हात आपल्या तोंडावरून फिरवला तेव्हा कुठे म्हातारीला कळलं. ती हसली, रडली, शेजारणींना हाका मारमारून बोलावलं. मग लेकीचा गळा चाचपत म्हणाली, "भामे, तुह्या नरड्याले का झालं वं?" काही नाही झालं असं सत्यभामेने सांगितलं, पण म्हातारीचा विश्वास बसेना. चार दिवस ती दोन्ही वेळा हळद आणि ज्येष्ठमधाचा काढा करून पाजत राहिली. सत्यभामा मुकाट्याने प्यायची.

मंडईच्या दिवशी ढोल, दंडार नाचणाऱ्यांचे पाय, पिपाण्या, पाळण्यांचं करकरणं. नलूने दोन्ही कान हातांनी झाकून घेतले आणि आजीच्या कुशीत तोंड खुपसलं. एकदा तिने आजीच्या तोंडावर आपला छोटा तळवा ठेवला आणि मामाकडे बोट दाखवून खुणावलं, मामा दुपारचा लवंडला होता. भीमाबाई खदखदून हसली. तो झोपल्यावर गावात आग लागली तरी उठत नाही, म्हणाली. सत्यभामेचंही डोकं दुखायचं. लोक इतकं मोठ्याने का बोलतात, समोरासमोर बसून, तिला कळेना. तिसऱ्या दिवशी धानाची कापणी चाललेल्या शेतात भीमाबाईने तिला हौसेने सोबत नेलं. माणिक पार पलीकडच्या बांधीत होता. भाकर सोडून ठेवली आणि म्हातारी म्हणाली, दे ना हाक, पाहू दे ऐकून, किती दिवस झाले. सत्यभामा धुऱ्यावर चढली. पायाखाली तोच उंचवटा होता. तिने छाती भरून वारा घेतला, तोंडाशी हात धरले, आणि भावाचं नाव घेतलं. आवाज आला, नाही असं नाही. अंगणातून शेजारणीला मीठ मागताना यावा तेवढा आला. माणिकने मान वर केली नाही. धानावरून वारा गेला. तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. ती धुऱ्यावरून उतरली आणि चिखलातून, कापलेल्या खुंटांतून चालत त्याच्यापर्यंत गेली, खांद्याला हात लावून म्हणाली, चल जेवायला. जाऊन बोलावणं हेच बरं, येताना तिच्या मनात आलं, माणसाला मान दिल्यासारखं होतं. भीमाबाई धुऱ्याखाली बसून वाट बघत होती. हाक ऐकली नाही मी, एवढंच म्हणाली, आणि भाकर मोडायला लागली.

निघायच्या दिवशी आमगाव स्टेशनावर मंडईहून परतणाऱ्यांची झुंबड होती. इंजिनाच्या शिटीने बैल बिथरले म्हणून माणिक बाहेरच त्यांना धरून उभा राहिला. भीमाबाई नातीचा हात धरून फलाटावर आली. गाडी आली आणि गर्दीने त्यांना एकमेकींपासून तोडलं. सत्यभामेने नलूला खिडकीतून आत सोडलं, बोचकं लोटलं, स्वतः कशीबशी चढली. खिडकीशी येऊन बघते तो माय चारपाच हातांवर उभी होती, तोंड शेजारच्या डब्याकडे करून, पदर सावरत, आणि हाका मारत होती. "भामे! बसली का वं? भामे!" लोक तिला चुकवून जात होते. सत्यभामेने हात बाहेर काढून हलवला. हलवता हलवताच तिला कळलं की हे तिला दिसत नाही. "माय, बसली मी," ती म्हणाली. भीमाबाईने मान तिरपी केली, पण दुसऱ्याच बाजूला. इंजिनाची वाफ सुटली. सत्यभामेने अंगातलं सगळं बळ गळ्याशी आणलं, आणि तेवढ्यात नलूने तिची बाही ओढली. समोरच्या बाकावर एक माणूस पागोट्यात तोंड झाकून झोपला होता. नलू त्याच्याकडे बोट दाखवत होती. सत्यभामेचं तोंड उघडं होतं, ते तिने मिटलं. गाडी हलली. खिडक्या मायच्या समोरून एकेक जाऊ लागल्या, तिचीही गेली. म्हातारी प्रत्येक खिडकीला तेच विचारत होती.

दरेकशाचा बोगदा गेला, डोंगरगडचा डोंगर मागे पडला. राजनांदगावपर्यंत ती खिडकीतून मागेच बघत होती, मग नलू मांडीवर झोपली आणि तिने मान आत घेतली. माणिकने सांगितलंच असेल मायला, तिने मनाशी म्हटलं. भिलाईला उतरून ती आपल्या सडकेवर वळली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दोन्ही बाजूंना दारं, दारांवर लाल चिंध्या, आणि कुणी थोपटून निजवल्यासारखी शांतता. तिच्या कानांतला आठ दिवसांचा गलबला तिथेच गळून पडला. नलूने तिचा हात सोडला आणि चवड्यांवर चालत पुढे गेली. आलो बाई आपल्या घरी, सत्यभामेला वाटलं, आणि तिला खरोखरच आनंद झाला.

मंगळवारी पत्र आलं. फकिराला नाईट होती, तो नुकताच उठून चहा घेत होता. तिला वाचता येत नसे, पत्रं तोच वाचून दाखवायचा. अक्षर माणिकचं होतं, पण त्याने म्हातारी सांगेल तसंच लिहिलं होतं. "भामे गाडी गेली तू बसली का नाई बसली मले काई समजलं नाई. मी हाका देल्ल्या तू ओ देल्ली नाई. मानिक म्हने गेली असन. मी म्हटलं असन म्हनजे का, मले आवाज पाहिजे. वाटलं पोरीची गाडी चुकली, लेकराले घेऊन कोठी उभी असन. सांजवरीक मी टेशनातच बसली. दुसरी गाडी आली तीत बी हाका देल्ल्या. मंग मानिकनं उचलून बैलगाडीत टाकलं. तू पोचली का भामे. भामे तू हाईस ना."

त्याने ते नेहमीच्या आवाजात वाचलं, ओठांपासून कानापर्यंत जाईल इतक्या. मायच्या सगळ्या हाका त्या आवाजात एकापाठोपाठ एक येऊन गेल्या. सत्यभामा भिंतीला टेकून ऐकत होती. तो पत्राची घडी घालू लागला तेव्हा ती म्हणाली, "अजून एक डाव वाचा ना. जरासं मोठ्यानं."

फकिराने शेजारच्या भिंतीकडे पाहिलं. मग पत्र उलगडून त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, अगदी तितक्याच आवाजात. पण तिला वाटलं, या खेपेला त्याने थोडं मोठ्याने वाचलं. आपल्यासाठी वाचलं. तेवढ्याने तिला बरं वाटलं. उद्या मायला दोन ओळी टाका म्हणून तिने त्याला सांगितलं, की आम्ही सुखरूप पोचलो, काळजी करू नको, आणि पदर खोचून ती भात टाकायला आत गेली.